यंत्र दुरुस्त झालें, पण चालेना : जेम्स वॉट ह्याचें चरित्र

मोटरगाडी साफसफाईकरितां गॅरेजमध्यें दिली, दोन दिवसांनीं ती परत आली, आणि पूर्वी कधीं न केलेली खोडी ती करूं लागली, असा अनुभव पुष्कळांच्या घरीं येतो. इंजिन सुरू होतें, रस्त्यावर वेगानेंहि धांवतें. पण चौकांत गाडी उभी करून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला कीं, दोनचार आचके देऊन तें बंद पडतें. सर्व भाग पुसलेले, तेल नवें, पेट्रोल भरपूर. मोडलेलें असें कांहींच दिसत नाहीं. अशा वेळीं एखादा मेकॅनिक एकामागून एक भाग बदलीत सुटतो. दुसरा मात्र आधीं विचारतो कीं, शेवटीं हात कोठें लागला होता? पुष्कळदां त्याला असें आढळतें कीं, हवा आंत नेणारी रबराची एखादी नळी बसवितांना सैल राहिली आहे आणि तेथून चोरून हवा आंत शिरत आहे. वेगांत असतांना इंजिन पुष्कळ हवा ओढतें, म्हणून ही थोडी चोरी खपून जाते. उभ्या गाडींत मंद चालतांना त्याचा श्वासच लहान. तेवढ्याशा चोरीनेंहि त्याचा जीव जातो.

दुरुस्त होऊन आलेलें आणि तरीहि न चालणारें असेंच एक यंत्र अडीचशें वर्षांहून अधिक काळापूर्वीं ग्लासगो शहरांतील एका तरुण कारागिराच्या टेबलावर येऊन पडलें. त्यानें तें चालविलें. परंतु तें कां चालत नव्हतें हा प्रश्न त्यानें सोडला नाहीं. त्या प्रश्नाच्या उत्तरानें पुढें जगाचा सारा व्यवहार बदलला. त्या कारागिराचें, म्हणजे जेम्स वॉट ह्याचें, चरित्र विद्यार्थिमित्रांनीं आणि त्यांच्या वडील मंडळींनीं अवश्य वाचावें असें आहे.

जेम्स वॉट ह्याचा जन्म १९ जानेवारी १७३६ रोजीं स्कॉटलंडमधील क्लाइड नदीच्या मुखाजवळ ग्रीनॉक ह्या बंदरांत झाला. वडिलांचें नांवहि जेम्सच होतें. ते जहाजें बांधीत, जहाजांचें सामान विकीत आणि व्यापारहि करीत. आईचें नांव अ‍ॅग्नेस म्यूरहेड. मुलगा लहानपणीं फार अशक्त होता. डोकेदुखी आणि दातदुखी त्याच्या पाठीस लागलेली असे. म्हणून आरंभीचें त्याचें शिक्षण घरींच झालें. पुढें तो शाळेंत जाऊं लागला, तेव्हां सोबतीं मुलें त्याची थट्टा करीत. पण गणित शिकूं लागल्यावर त्याची बुद्धि उजळली. वडिलांच्या कारखान्यांत त्याला स्वतःचीं लहान हत्यारें मिळालीं होतीं. त्यांनीं तो लाकडाच्या व धातूच्या लहानसहान वस्तु मोठ्या सफाईनें बनवी. पुस्तक आणि हत्यार ह्या दोहोंची मैत्री त्याला अशी बाळपणींच जडली.

चुलीवरच्या किटलीचें झांकण वाफेनें उडतांना पाहून वॉटला वाफेचें यंत्र सुचलें, ही गोष्ट तुम्हीं ऐकली असेल. तो किटलीकडे पाहात बसत असेलहि. परंतु त्या गोष्टीवरून जो समज होतो तो खरा नाहीं. वाफेचें यंत्र वॉटनें प्रथम शोधलेलें नाहीं. त्याच्या जन्मापूर्वीं चोवीस वर्षें, १७१२ सालीं, थॉमस न्यूकोमेन ह्या लोखंडी सामान विकणाऱ्या इंग्रज गृहस्थानें खाणींतील पाणी उपसणारें वाफेचें यंत्र चालू केलें होतें. वॉटचें मोठेपण निराळ्याच ठिकाणीं आहे.

१७५३ सालीं वॉटची आई वारली. वडिलांच्या व्यापारालाहि उतरती कळा लागली. मुलानें स्वतःच्या हातावर पोट भरावें अशी वेळ आली. दुर्बिणी, होकायंत्रें, मोजमापाचीं उपकरणें बनविण्याचा धंदा शिकावा असें त्यानें ठरविलें आणि १७५५ सालीं तो लंडनला गेला. तेथील कारागिरांच्या संघाचा नियम असा कीं, उमेदवारी सात वर्षें केली पाहिजे. वॉटजवळ इतका काळहि नव्हता आणि पैसाहि नव्हता. शेवटीं जॉन मॉर्गन नांवाच्या कारागिरानें वीस गिनी घेऊन त्याला एक वर्ष शिकविण्याचें कबूल केलें. सात वर्षांचें काम त्यानें एका वर्षांत उरकलें. पहांटेपासून रात्रीपर्यंत तो काम करी आणि पोटाला चिमटा घेऊन राही. रस्त्यांतून तरुणांना पकडून बळजबरीनें आरमारांत भरती करीत, म्हणून तो बाहेरहि क्वचितच पडे. वर्ष संपलें तेव्हां कला हातीं आली होती, पण प्रकृति ढासळली होती. १७५६ सालीं तो स्कॉटलंडला परतला.

त्याच सुमारास ग्लासगो विद्यापीठाला जमैका बेटांतून खगोलशास्त्राचीं उपकरणें देणगीदाखल आलीं होतीं. समुद्रप्रवासांत त्यांना गंज चढला होता. तीं साफ करण्याचें काम वॉटला मिळालें आणि तें त्यानें इतकें चोख केलें कीं, १७५७ सालीं विद्यापीठानें आपल्या आवारांतच त्याला एक खोली कारखान्यासाठीं दिली. ह्या खोलींत हळूहळू विद्वानांची बैठक भरूं लागली. रसायनशास्त्राचे प्राध्यापक जोसेफ ब्लॅक आणि जॉन रॉबिसन हा बुद्धिमान विद्यार्थी हे त्याचे जन्माचे स्नेही झाले. पदवी नसलेल्या ह्या कारागिराशीं बोलण्यांत त्या विद्वानांना कमीपणा वाटला नाहीं, आणि त्यांच्याकडून शिकण्यांत वॉटलाहि संकोच वाटला नाहीं.

आतां त्या यंत्राकडे वळूं. विद्यापीठांत न्यूकोमेनच्या यंत्राची एक लहान प्रतिकृति होती. वर्गांत मुलांना दाखविण्याकरितां ती ठेविलेली. परंतु ती कधीं नीट चालतच नसे. एकदां ती दुरुस्तीसाठीं लंडनच्या एका कारागिराकडेहि धाडली होती. १७६३ सालच्या हिवाळ्यांत प्राध्यापक जॉन अँडर्सन ह्यांनीं ती वॉटच्या स्वाधीन केली.

न्यूकोमेनच्या यंत्राची रचना सोपी आहे. एक उभें नळकांडें, त्यांत वरखालीं सरकणारा दट्ट्या, आणि दट्ट्याला साखळीनें जोडलेली तराजूच्या दांडीसारखी मोठी तुळई. तुळईच्या दुसऱ्या टोंकाला पंप. खालच्या बॉयलरमधून नळकांड्यांत वाफ शिरते आणि पंपाच्या वजनानें दट्ट्या वर जातो. मग आंत थंड पाण्याचा फवारा सोडतात. वाफेचें पाणी होतें, आंत पोकळी उत्पन्न होते, आणि बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्याला खालीं ढकलतो. पुन्हां वाफ, पुन्हां फवारा, असा हा क्रम.

वॉटनें प्रतिकृति उघडली, प्रत्येक भाग तपासला, बिघडलेलें तें नीट केलें आणि यंत्र पुन्हां जोडलें. खालीं विस्तव पेटविला. विस्तव फुंकून फुलविला तेव्हां यंत्रानें कांहीं हेलकावे घेतले आणि तें थांबलें. पुन्हां फुंकलें, पुन्हां तसेंच. पंपावर ओझें फारच थोडें होतें, बॉयलरहि वरवर पाहतां पुरेसा मोठा होता. तरी वाफ पुरेना. मोडकें असें आतां कांहीं उरलें नव्हतें. सर्व भाग निर्दोष, आणि तरी यंत्र सदोष!

दुसरा एखादा कारागीर असता तर त्यानें मोठा बॉयलर बसवून आपली मजुरी घेतली असती. वॉटला वाटलें कीं, वाफ पुरत नाहीं, तर ती जाते कोठें हें आधीं शोधलें पाहिजे. त्या नळकांड्याचा व्यास अवघा २ इंच आणि दट्ट्याची धांव ६ इंच होती. वस्तु लहान केली कीं तिच्या आंतील जागा जितकी घटते तितकी तिची पृष्ठभूमि घटत नाहीं. नळकांड्याचीं सर्व मापें दुप्पट केलीं तर पृष्ठभाग चौपट होतो, पण पोकळी आठपट होते. उलट लहान नळकांड्यांत थोड्याशा वाफेला मोठ्या थंड भिंतीशीं सामना करावा लागतो. शिवाय हें नळकांडें पितळेचें होतें, आणि बिडाच्या मोठ्या नळकांड्यांपेक्षां तें उष्णता अधिक जलद वाहून नेई. म्हणून आंत आलेली पुष्कळशी वाफ काम न करतां भिंतींवरच विरून जात होती. खाणींवरच्या अवाढव्य यंत्रांतहि हाच दोष होता. पण तेथें कोळशाचे ढीग जाळून तो झांकला जाई. लहान यंत्रानें तो उघडा पाडला. मोटरीची सैल नळी वेगांत लपते आणि मंद चालींत उघडी पडते, तसाच हा प्रकार.

वॉटनें पंपांतील पाण्याची उंची कमी केली, फवारा मर्यादित केला, आणि प्रतिकृति नियमितपणें चालूं लागली. प्राध्यापकांचें काम झालें. वॉटचें मात्र आतां सुरू झालें.

त्यानें जवसाच्या तेलांत भिजविलेल्या लाकडाचें नळकांडें बनवून पाहिलें, कारण लाकूड उष्णता कमी शोषतें. पाण्याची वाफ झाली म्हणजे ती किती पट जागा व्यापते हें मोजलें. तें प्रमाण सुमारें अठराशें पट निघालें. प्रत्येक हेलकाव्याला नळकांडें भरण्यास लागते त्याच्या कित्येक पट वाफ खर्च होते, असें त्याला आढळून आलें. मग त्यानें वाफ एका नळीनें थंड पाण्यांत सोडली. त्यांत त्याला एक चमत्कार दिसला. जितकें पाणी वाफेच्या रूपानें आंत गेलें होतें, त्याच्या सहापट वजनाचें थंड पाणी त्यानें उकळण्याच्या पायरीला आणलें! थोड्याशा वाफेंत इतकी उष्णता कोठून आली? त्यानें प्राध्यापक ब्लॅक ह्यांना विचारलें. पाण्याची वाफ होतांना पुष्कळ उष्णता उष्णतामापकाला न दिसतां वाफेंत लपून राहते आणि वाफेचें पुन्हां पाणी होतांना ती बाहेर पडते, हें सुप्त उष्णतेचें तत्त्व ब्लॅक ह्यांनीं पूर्वींच शोधून काढलें होतें. कारागिराचा अनुभव आणि पंडिताचें तत्त्व हीं येथें एकमेकांना भेटलीं.

आतां कोडें स्पष्ट झालें, पण तें सुटेना. वाफ वांचवावयाची तर नळकांडें नेहमीं उकळत्या पाण्याइतकें गरम राहिलें पाहिजे. पण चांगली पोकळी हवी तर तेंच नळकांडें थंडगार झालें पाहिजे. कारण पोकळींत कोमट पाणीहि उकळूं लागतें आणि त्याची वाफ पोकळी बिघडविते. एकच भांडें एकाच वेळीं गरम आणि थंड कसें राहणार? ह्या पेंचांत बरेच महिने गेले.

१७६५ सालच्या मे महिन्यांतील एका रविवारीं दुपारीं वॉट ग्लासगोच्या सार्वजनिक हिरवळीवर एकटाच फिरत होता. चालतां चालतां त्याच्या मनांत आलें कीं, वाफ ही लवचिक वस्तु आहे. पोकळी दिसली कीं ती तिकडे धांवेल. मग ती नळकांड्यांत थंड करण्याचें कारणच काय? नळकांड्याला जोडून दुसरें एक रिकामें पात्र ठेवावें आणि तें सदा थंड राखावें. वाफ त्यांत धांवेल व तेथेंच तिचें पाणी होईल. नळकांडें सदैव गरम, दुसरें पात्र सदैव थंड! पात्रांत सांठणारें पाणी आणि हवा एका पंपानें काढून टाकावी. फेरी पुरी होण्यापूर्वींच सारी रचना त्याच्या डोळ्यांपुढें उभी राहिली. रविवार हा स्कॉटलंडांत विश्रांतीचा दिवस, म्हणून हत्यार हातीं घेण्यास दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागली. नंतर पितळेची मोठी पिचकारी नळकांड्याच्या जागीं वापरून त्यानें प्रयोग केला आणि तो साधला.

येथें चरित्र संपतें तर तें किती गोड झालें असतें! पण कल्पना सुचणें आणि यंत्र चालणें ह्यांच्यामध्यें अकरा वर्षें गेलीं. १७६४ सालीं वॉटचें लग्न झालें होतें. संसाराचा भार अंगावर होता. प्रयोगांपायीं कर्ज वाढलें. जॉन रोबक ह्या कारखानदारानें भागी घेऊन मदत केली आणि ५ जानेवारी १७६९ रोजीं वॉटला शोधाचें पेटंट मिळालें. परंतु मोठें यंत्र बांधलें तेव्हां नळकांडें अचूक गोल करणारा कारागीरच मिळेना. दट्ट्या आणि भिंत ह्यांच्या फटींतून वाफ निसटे. बूच, चिंध्या, कागद, जुन्या टोप्या, काय काय म्हणून त्या फटींत कोंबून पाहिलें, तरी गळती थांबेना. पोटासाठीं वॉटला कालव्यांची मोजणी करीत रानावनांत हिंडावें लागलें. १७७३ सालीं रोबकचें दिवाळें वाजलें. त्याच वर्षीं वॉट दूर डोंगराळ मुलखांत मोजणी करीत असतां त्याची पत्नी मार्गारेट बाळंतपणांत वारली. तो घरीं पोंचण्यापूर्वींच सर्व संपलें होतें. निराशेच्या क्षणीं स्वतः उमेद देऊन कामाला लावणारी ती माउली, यंत्र चालतांना पाहण्यास उरली नाहीं.

१७७४ सालीं वॉट बर्मिंगहॅमला गेला. तेथील सोहो कारखान्याचे मालक मॅथ्यू बोल्टन ह्यांनीं रोबकचा भाग घेतला. बोल्टन धाडसी व आनंदी, वॉट भित्रा व चिंताग्रस्त. पण ही जोडी जमली. जॉन विल्किन्सन ह्या लोखंडाच्या कारखानदारानें तोफांच्या नळ्या कोरण्याची नवी युक्ति काढली होती. तिच्या साह्यानें त्यानें पन्नास इंच व्यासाचें नळकांडें कोरून दिलें, आणि त्यांत जुन्या शिलिंग नाण्याच्या जाडीहून अधिक फरक पडला नाहीं. १७७६ सालच्या मार्च महिन्यांत ब्लूमफील्ड येथील कोळशाच्या खाणीवर यंत्र सुरू झालें आणि तें चालत राहिलें. जुन्या यंत्रांच्या मानानें कोळसा फारच थोडा लागूं लागला. जी बचत होईल तिचा तिसरा हिस्सा एवढेंच मोल बोल्टन आणि वॉट खाणवाल्यांकडून घेत.

पुढें सुधारणांची रांगच लागली. १७८१ सालीं दट्ट्याच्या वरखालीं गतीपासून चाक फिरविण्याची युक्ति निघाली. १७८२ सालीं दट्ट्याला दोन्ही बाजूंनीं वाफेनें ढकलण्याची, आणि १७८४ सालीं दट्ट्याचा दांडा सरळ रेषेंत राखणाऱ्या जोडदांड्यांची युक्ति निघाली. ह्या शेवटल्या युक्तीचा वॉटला सर्वांत अधिक अभिमान वाटे. १७८८ सालीं पिठाच्या गिरण्यांतील एका युक्तीवरून त्यानें गतिनियामक बसविला. यंत्रावरचें ओझें हलकें होऊन तें बेफाम धांवूं लागलें कीं, फिरणारे दोन गोळे बाहेर फेंकले जातात आणि वाफेची झडप आपोआप लोटून घेतात. यंत्र मंदावलें कीं गोळे खालीं येतात आणि झडप उघडते. ओझें असो वा नसो, यंत्रानें आपली चाल सोडूं नये, हा त्याचा हेतु. उभ्या मोटरीचें इंजिन मंद पण एकसारखें चालावें म्हणून आज जी योजना असते, तिचें मूळ तत्त्वहि हेंच आहे.

ह्या थोर पुरुषाच्या अंगीं दोषहि होते. आपल्या पेटंटवर त्याची फार घट्ट मूठ होती आणि त्यापायीं कित्येक वर्षें कोर्टकज्जे चालले. अधिक दाबाची वाफ वापरणें त्याला धोक्याचें वाटे आणि त्या वाटेनें जाणाऱ्यांना त्यानें विरोध केला. पुढें आगगाडी धांवली ती त्याच अधिक दाबाच्या वाफेवर. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास गेलेल्या आपल्या पहिल्या गाडीचें इंजिनहि त्याच जातीचें होतें. एका ठिकाणीं सर्वांच्या पुढें पाहणारा मनुष्य दुसऱ्या ठिकाणीं मागें राहूं शकतो, हेंहि ह्यावरून शिकावें.

१८०० सालीं पेटंटची मुदत संपली आणि वॉटनें धंद्यांतून अंग काढून घेतलें. १८०४ सालीं त्याचा हुषार मुलगा ग्रेगरी ऐन तारुण्यांत वारला. दुःखांत त्याला हत्यारांचाच आधार वाटला. हीथफील्ड येथील घराच्या माळ्यावर लहानशा खोलींत बसून तो पुतळ्यांच्या प्रतिकृति कोरणारें यंत्र बनवीत असे. २५ ऑगस्ट १८१९ रोजीं, वयाच्या ८४ व्या वर्षीं, तो शांतपणें मरण पावला आणि हँड्सवर्थच्या चर्चमध्यें आपल्या भागीदाराजवळ त्याला पुरण्यांत आलें. त्याची ती खोली पुढें सर्व सामानासह लंडनच्या विज्ञानसंग्रहालयांत नेण्यांत आली, आणि ती हट्टी प्रतिकृति ग्लासगो विद्यापीठानें जपून ठेविली आहे.

यंत्राची शक्ति घोड्यांच्या मापानें सांगण्याची रीति वॉटनेंच रूढ केली. एका मिनिटांत ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणें ही त्याची एक अश्वशक्ति. शक्तीच्या दुसऱ्या मापाला पुढील पिढ्यांनीं त्याचेंच नांव दिलें. एका अश्वशक्तीचे सुमारें ७४६ वॉट होतात. रात्रीं अभ्यासाला बसतांना दिव्यावर जो वॉटचा आंकडा छापलेला दिसतो, तो ह्या कारागिराचें स्मारक आहे.

बालमित्रहो, गणित सुटलें पण उत्तर जुळलें नाहीं, सायकल जोडली पण चाक फिरेना, असे प्रसंग तुमच्यावरहि येतात. अशा वेळीं रागावून सर्व कांहीं उसकटून टाकूं नका, किंवा कसें तरी जुळवून मोकळेहि होऊं नका. काय जातें आणि कोठें जातें, हें शांतपणें शोधा; माहीत नसेल तें जाणत्याला विचारा. न चालणारें यंत्र वॉटच्या दृष्टीनें निरुपयोगी नव्हतें. तें त्याला कांहीं सांगूं पाहात होतें, आणि तें ऐकण्याइतका धीर त्याच्यापाशीं होता.